झाजाचे पुठ्ठे

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. रोज संध्याकाळी चार माणसं एका जागी बसतात, जगावर आणि अधूनमधून एकमेकांवर संशय घेतात, आणि दहा वर्षांनी बघावं तर इतकं साठलेलं असतं की आधी कुठला सांगावा, हाच प्रश्न पडतो. आमची जागा म्हणजे लोणारच्या बसस्टँडसमोरचं भास्कर पेंटरचं दुकान. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, गावोगावच्या पाट्या पुन्हा रंगवून घ्यायच्या होत्या. त्यामुळे भास्करला काम भरपूर आणि आम्हाला बसायला रंगाचे पालथे डबे भरपूर.

मी हायस्कुलात क्लार्क, म्हणून मला सगळे बाबू म्हणत. रज्जाकभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान भास्करच्या भिंतीला लागूनच होतं. चौथे गुलाबदादा. वांगी, मेथी, कांदे असा बारमाही मळा, अंगाने धिप्पाड, आणि संशयात आमच्या सगळ्यांचे गुरू. दादा छापलेलं सगळं वाचत, पण कागदावर सही कधी करत नसत. विचारलं तर म्हणत, "सही कोणीबी मारते. माहा आंगठा कोण मारीन?"

दादांना अर्ज करायचा नाद होता. एस.टी. मळ्याजवळ थांबत नाही, अर्ज. बाजारात तराजू वाकडा आहे, अर्ज. शेजाऱ्याची बकरी मुद्दाम मेथीच खाते, तिचाही अर्ज! हे सगळे अर्ज लिहायचा भास्कर, कारण पंचक्रोशीत त्याच्यासारखं अक्षर नव्हतं. खाली दादांचा जांभळा अंगठा.

भास्करचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या शब्दाला हात लावायचा नाही. एका टेलरने चिठ्ठी लिहून आणली होती, "येथे लेडीज व जंटलमन शिवून मिळतील." मी भास्करला म्हटलं, अरे, 'यांचे कपडे' एवढं तरी घाल मध्ये. तो ब्रश न थांबवता म्हणाला, "त्यानं लिवलं तेच रंगवीन. मी पेंटर आहो बाबू, मास्तर नाही."

आणि गंमत अशी, की त्याला मनातून व्हायचं होतं ते मास्तरच. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास होता. आमच्या शाळेत चित्रकलेची जागा कधी निघते, हे तो मला दर महिन्याला विचारायचा आणि मी दर महिन्याला नाही म्हणायचो.

*

त्या वर्षांत एक गोरा साहेब हिवाळ्यात लोणारला येऊन राहायचा. दरवर्षी नाही, पण चार-पाच हिवाळे आला. खाली उतरून तळ्याच्या काठचे दगड गोळा करायचा, लाकडी खोक्यांत भरायचा, आणि खोक्यांवर नंबर टाकायला भास्करला बोलवायचा. रेस्ट हाऊसवर त्याच्याकडे बॅटरीवर चालणारं तबकड्या वाजवायचं यंत्र होतं. जाताना ऐकून झालेल्या तबकड्या तो भास्करला देऊन टाकायचा. मोठ्या, थाळीएवढ्या, आणि प्रत्येकीला चौकोनी चित्राचा पुठ्ठा.

पहिल्या वर्षी भास्करने त्याला खुणेने विचारलं, हे काय? साहेब म्हणाला, जॅझ.

भास्करने दुकानात येऊन तेच सांगितलं. दादांचे कान टवकारले. आमच्याकडे जहाजाला झाज म्हणतात. दादांनी पुठ्ठा हातात घेतला. त्यावर चितारलेली सात-आठ माणसं, लाल-पिवळ्या अंगरख्यातली, दात काढून हसणारी, आणि प्रत्येकाच्या तोंडाला पितळी भोंगा.

"झाजावरची माणसं दिसते," दादा म्हणाले. "झाज निंगालं का भोंगा वाजवतेत. पण अथी समुद्र कुठी आहे? हा लोणारात येऊन झाजाच्या गोष्टी काऊन करून राह्यला?"

रज्जाकभाई म्हणाले, ही वाजवायची माणसं आहेत, बँडवाले. दादांनी विचारलं, मग फोटो का नाही? ज्यांच्याकडे इतके भारी कॅमेरे, ते हाताने चित्र का काढतात? चेहरा लपवायचा असल्याशिवाय कोणी असं करत नाही. भास्कर मात्र पुठ्ठा खिडकीशी नेऊन बघत होता. ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला, ते सगळं दिसतं म्हणाला. त्या दिवसापासून त्या तबकड्यांचं नाव झाज आणि कव्हरांचं नाव पुठ्ठे.

*

तबकडी वाजवून बघितली नाही असं नाही. रज्जाकभाईंकडे चावीचा जुना ग्रामोफोन होता, कर्णा आणि लोखंडी सुई असलेला. त्यावर झाज ठेवलं. आता हे आम्हाला फार उशिरा कळलं, की त्या यंत्राची गती या तबकड्यांच्या दुपटीहूनही जास्त होती. कर्ण्यातून जे बाहेर आलं ते ऐकून समोरच्या हॉटेलातले दोघे चहा टाकून बघायला आले. खुराड्यात मांजर शिरावं तसा कालवा! आणि खर्रखर्र करत सुई तबकडी नांगरत निघालेली.

दादा शांतपणे ऐकत होते. आवाज थांबला तसे म्हणाले, "बुडालं."

त्यानंतर तबकड्या ट्रंकेत गेल्या आणि पुठ्ठे भिंतीवर आले. दहा वर्षं आम्ही झाज ऐकलं नाही, फक्त पाहिलं.

*

दुसऱ्या खेपेचे पुठ्ठे वेगळेच निघाले. रंगीत चित्रं गायब. आता फोटो होते, पण सगळे निळे. आणि चेहरे अर्धे कापलेले. एकाचा नुसता गाल आणि भोंगा, एकाचं कपाळ आणि घाम, एकाचा अर्धा चेहरा काळ्या सावलीत बुडालेला.

आमच्या गावच्या फोटो स्टुडिओचा कायदा होता, दोन्ही कान दिसले पाहिजेत. एक कान कापला गेला तर गिऱ्हाईक फोटो घेत नसे. त्यामुळे हा फोटोवाला एकतर शिकाऊ होता, नाहीतर मुद्दाम काहीतरी लपवत होता, यावर आमचं एकमत झालं. निळा रंग पाहून दादा नुसते माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. समुद्र सापडला होता.

भास्करवर त्या निळ्या चेहऱ्याने मोहिनी घातली. त्याच सुमारास एका सलूनवाल्याने पाटीवर देखणा माणूस काढायला सांगितला. भास्करने काढला. अर्धा चेहरा, निळा, उरलेला अर्धा काळोखात. मी आजवर पाहिलेली ती सगळ्यात सुंदर पाटी. आठवडाभर सलूनात कोणी फिरकेना. शेवटी एका म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "अर्धीच दाढी करून सोडून देते म्हणते थो."

भास्करने उरलेला अर्धा चेहरा काढून दिला. दोन्ही कानांसकट.

*

तिसऱ्या खेपेला माणूसच नाहीसा झाला. पुठ्ठ्यावर नुसती अक्षरं. वीतभर मोठी, एकावर एक चढलेली, कडेला कापलेली, एखादं आडवं पडलेलं. दादांनी जाहीर केलं, की आता हे सांकेतिक भाषेत बोलायला लागले आहेत.

रज्जाकभाईंनी तेव्हाच नवी पाटी सांगितली होती, 'रेडिओ दुरुस्त'. भास्करने अक्षरांची वरची रेघच काढून टाकली आणि अक्षरं तीन ओळींत रचली. रेडि. खाली ओदु. खाली रुस्त. काळ्यावर पिवळी, आणि मधली ओळ सगळ्यात मोठी. लांबून बघितलं की छातीत धडधड व्हावी अशी.

बाजाराच्या दिवशी शारा गावाकडचा एक शेतकरी पाटीखाली बराच वेळ उभा राहिला आणि मग दुकानात डोकावून त्याने विचारलं, "ओदु आहे काय?"

रज्जाकभाईंनी विचारलं, ओदु कशाला पाहिजे? तर म्हणे, माहीत नाही, पण एवढं मोठं लिहिलं आहे म्हणजे काहीतरी कामाचं असेल. संध्याकाळपर्यंत आणखी तिघं विचारून गेले. रज्जाकभाई सांगत, संपला, पुढच्या बाजाराला या. मग आमच्याकडे येऊन भास्करवर उखडले. भास्कर म्हणाला, "शब्द एकबी बदलला नाही, भाई. मोजून पहा."

पाटी तशीच राहिली. रज्जाकभाईंना लोक पुढे ओदुवाले म्हणू लागले. त्या अक्षरांतून भास्करच्या हाताला मात्र एक वळण कायमचं लागलं. त्याचा 'झ' खाली उतरताना शेपटी मोकळी सोडून डावीकडे वळायचा आणि पुन्हा वर यायचा. असा 'झ' मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

*

चौथ्या खेपेच्या पुठ्ठ्यावर अक्षरंही नीट नव्हती. रंगाचे नुसते फटकारे आणि शिंतोडे. मधे एक हिरवट गोल, भोवती तपकिरी, वरून काळे ओघळ.

दादा त्या पुठ्ठ्याकडे दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा काखेत मारून सरळ तळ्यावर गेले, मला बरोबर घेऊन. वरच्या काठावर उभं राहून त्यांनी तो उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला. उलटा धरल्यावर हात थांबला. हिरवा गोल म्हणजे तळं. तपकिरी म्हणजे काठ. काळा ओघळ म्हणजे मेहकर रोड.

"अन् हा ठिपका पाय," ते हळू आवाजात म्हणाले. एक लाल शिंतोडा होता, गोलाच्या जरा बाहेर. "बाबू, हे माही विहीर आहे."

मी हसलो नाही. खरं सांगायचं तर मलाही ती तिथेच दिसली. दगड घेऊन जायचे, आणि जाताना नकाशा ठेवून जायचा, यात काहीतरी असणारच, असं मलाही त्या उन्हात वाटून गेलं. दादा परतताना एक शब्द बोलले नाहीत. त्यांना अर्ज सुचायला लागला की ते असेच गप्प व्हायचे.

*

त्यानंतर साहेब एकदाच आला. त्या वर्षीचे पुठ्ठे पुस्तकासारखे उघडत. बाहेर वितळलेले चेहरे, फुलांतून उगवलेले डोळे, आणि आत काहीच नाही, नुसतं आभाळ. भास्कर म्हणाला, यांनी आता पुन्हा हाताने काढायला सुरुवात केली. त्याला त्याचाच आनंद.

आणि पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्या शाळेत चित्रकलेची जागा निघाली. मी स्वतः धावत जाऊन त्याला सांगितलं. ही त्याची शेवटची संधी होती, कारण वयाच्या अटीला चार महिने उरले होते. मुलाखत झाली. हेडमास्तरांना भास्कर पसंत पडला. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता.

तेवढ्यात बांगलादेशची लढाई लागली. रज्जाकभाईंच्या दुकानातल्या सगळ्या रेडिओंवर एकच बातमी, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. दादा डब्यावरून उठून उभे राहिले. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला.

"झाज."

*

आठ दिवसांनी दुपारी पोलीस ठाण्याचे जमादार आले. हातात कागद. भास्कर पेंटर कोण म्हणून विचारलं आणि म्हणाले, तुमच्याकडे परदेशी जहाजांची चित्रं आहेत म्हणे. दाखवा.

भास्करने ब्रश खाली ठेवला. यांच्याकडून दाखला वाईट गेला तर नोकरी गेली, आणि वय निघून चाललेलं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. मी रज्जाकभाईंकडे बघितलं, कारण ओदुचा राग त्यांच्या मनात होताच. रज्जाकभाई माझ्याकडे बघत होते, कारण शाळेत माझा एक मेहुणा त्याच जागेसाठी आला होता. दादा दोघांकडे बघत होते.

जमादारांनी सगळे पुठ्ठे भिंतीवरून उतरवायला लावले आणि ज्या क्रमाने आले त्या क्रमाने जमिनीवर मांडायला सांगितले. आम्हीही ते एका ओळीत तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. हसणारी रंगीत माणसं. मग निळी, अर्धी. मग नुसती अक्षरं. मग शिंतोडे. मग ते उघडणारं आभाळ. जमादार ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले. प्रत्येकाच्या खाली वाकून झाज शोधलं. उघडणारा पुठ्ठा त्यांनी काठीच्या टोकाने उघडला.

मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "यातली माणसं कुठी गेली?"

भास्कर कधी फार बोलायचा नाही, पण त्या दिवशी बोलला. ओळीच्या शेजारी उकिडवा बसला आणि एकेका पुठ्ठ्यावर बोट ठेवत गेला.

"पूर्ण माणूस काढला तर लोक पाहतेत अन् पुढं जातेत, जमादार साहेब. अर्धा काढला तर उरला अर्धा पाहणाऱ्याले मनात काढावा लागते. अन् काहीच नाही काढलं, तर सारं त्यालेच काढावं लागते. ज्याच्या मनात जे अशीन, ते त्याले दिसते. कोणाले विहीर दिसते." त्याने बोट पुढच्या पुठ्ठ्यावर नेलं. "कोणाले झाज."

जमादारांनी टोपी काढून घाम पुसला. आपल्या धाकट्या पोरालाही चित्रांचं वेड आहे, एवढं म्हणाले. जाता जाता दाराशी थांबले, भास्करने अर्धवट रंगवलेली एक पाटी बराच वेळ निरखली, हातातला कागद उघडून पुन्हा निरखली, आणि निघून गेले.

*

पुढचे पंधरा दिवस आमची बैठक म्हणजे कोर्ट होतं. कोणी कळवलं? रज्जाकभाई माझ्याशी बोलेनात. मी त्यांचा चहा घेईना. माझ्या मेहुण्याने तर अर्जच मागे घेतला होता, पण ते सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून मी सांगितलंही नाही. दादा सगळ्यात जास्त चिडलेले. घरातलाच माणूस फितूर झाला म्हणत. भास्कर तेवढा मान खाली घालून पाट्या रंगवत होता. आता वाटतं, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मग एक दिवस शाळेत पोलीस ठाण्याचा लखोटा आला. क्लार्क मीच, फोडलाही मीच. आत दोन कागद होते. पहिला मूळ अर्ज. परदेशी इसम तळ्याचे दगड नेतो, बदल्यात झाजाचे पुठ्ठे देतो, पुठ्ठ्यावर अर्जदाराची विहीर दाखवलेली आहे, सबब चौकशी व्हावी, "सदर पुठ्ठे भास्कर पेंटर यांचे दुकानात भिंतीवर आहेत." खाली जांभळा अंगठा. अक्षर छापल्यासारखं. आणि झाजाचा 'झ' खाली उतरताना शेपटी मोकळी सोडून डावीकडे वळलेला, पुन्हा वर आलेला.

मी खुर्चीत मागे टेकलो.

दुसरा कागद जमादारांचा. अवघ्या चार ओळी. "दुकानाची तपासणी केली. तक्रार अर्ज व दुकानातील पाट्या यांचे हस्ताक्षर एकच आहे. जो इसम स्वतःविरुद्धची तक्रार इतक्या सुवाच्य अक्षरात लिहून देतो, त्याच्या सचोटीविषयी शंका नाही. जहाज आढळून आले नाही. शिक्षक म्हणून नेमण्यास हरकत नाही."

तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि मी भर शाळेतून निघालो. डोळे भरून आले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. रस्त्यात मनात वाक्य जुळवत होतो, भास्करला काय विचारायचं आणि दादांना काय सुनवायचं. दुकानात पोचलो तर दोघंही तिथेच होते. दादा डब्यावर बसलेले, भास्कर मांडीवर फळी आणि फळीवर कागद घेऊन लिहीत होता.

दादा सांगत होते, "लिही. आमचे मित्र भास्कर पेंटर, यांच्याइतका साधा माणूस गावात नाही. अशा माणसाविरुद्ध ज्या कोण्या घरभेद्यानं पोलिसाले खोटी खबर देली, त्याचा शोध घेऊन त्याले कडक शासन व्हावं. लिवलं?"

"हाव," भास्कर म्हणाला.

त्याने शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, शाईवर फुंकर घातली, आणि जांभळ्या शाईची डबी पुढे सरकवली.

"आंगठा द्या, दादा."